कॅप्चर कार्डात चित्र नीट येत नाही? आधी कॅसेटचा ताल बघा

व्हीसीआरचा व्हिडिओ संगणकात घेणारं छोटं यंत्र म्हणजे कॅप्चर कार्ड. ते लावून घरातली जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकात घ्यायला बसलं की तक्रारी ठरलेल्या असतात. चित्रच येत नाही. येतं ते काळंपांढरं. वरचा भाग वाकडा होऊन फडफडतो. मध्येच सगळा पडदा निळा होतो. तासाभराने बघावं तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. मग लोक कार्डाला दोष देतात, दुसरं कार्ड मागवतात आणि नव्या कार्डावर तेच दुखणं पुन्हा सुरू होतं.

सांगली-मिरजेत घरोघरी अशा कॅसेटी आहेत. नव्वदीतली लग्नं, मुंजी, गणपतीतली नाटकं, शाळेची गॅदरिंग, मिरजेच्या उरुसातलं गाणं. हे सगळं एकेकाच कॅसेटवर आहे, त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवा व्हीसीआर मिळण्याचा रस्ताच बंद झाला. म्हणून हे काम अंदाजपंचे करून चालत नाही. कार्ड आत नेमकं काय करतं हे एकदा समजलं, की वरच्या प्रत्येक तक्रारीचं मूळ शोधता येतं. आणि ते मूळ बहुतेक वेळा कार्डात नसतं, कार्डापर्यंत पोचणाऱ्या सिग्नलमध्ये असतं.

कार्ड कशाची वाट बघतं

व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेतून येणारा व्हिडिओ म्हणजे जेमतेम १ व्होल्टचा, सतत वरखाली होणारा विजेचा प्रवाह. त्यात फोटोसारखी सुटी चित्रं नसतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि प्रत्येक चित्र ६२५ ओळींचं असतं. त्यातल्या ५७६ ओळींत दिसणारं चित्र असतं. एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत संपते. ओळ कुठे सुरू झाली हे कळावं म्हणून प्रत्येक ओळीच्या आधी एक छोटा ठोका दिलेला असतो, आणि अर्धं चित्र संपलं की ठोक्यांची एक मोठी खूण. या ठोक्यांना सिंक म्हणतात. कार्ड आधी हे ठोके पकडतं, त्यांच्यावरून ओळी मांडतं आणि मग प्रत्येक ओळीचे ७२० ठिपके मोजून संगणकाला देतं.

डीव्हीडी प्लेअरचे ठोके घड्याळासारखे नेमके पडतात, कारण ते क्रिस्टलवर चालतात. व्हीसीआरमध्ये मात्र ते एका यंत्रावर अवलंबून असतात. टेप वाचणारं टोक म्हणजे हेड. हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, त्याच्याभोवती तीस वर्षांची, कुठे ताणलेली, कुठे चुरगळलेली टेप सरकते. त्यामुळे एखादी ओळ किंचित लवकर येते, एखादी किंचित उशिरा. लेझीम खेळणारी पोरं हलगीचा ठोका थोडा पुढेमागे पडला तरी पाऊल सावरून घेतात. जुना काचेचा टीव्ही तसाच सावरून घ्यायचा. म्हणून ‘टीव्हीवर तर छान दिसत होतं’ हे म्हणणं खरंच असतं. पण कार्डाला असं सावरता येत नाही. ठोका हुकला की त्याच्या लेखी चित्रच नाही.

हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

पहिली चाचणी कॅसेटीवर करू नका

कार्ड आलं की लोक उत्साहाने लग्नाचीच कॅसेट घालतात. कृपा करून असं करू नका. जुनी टेप प्रत्येक फेरीत थोडी झिजते, आणि बिघडलेला व्हीसीआर ती एका क्षणात चावून टाकतो. आधी ज्याचा सिग्नल खात्रीचा आहे असं काहीतरी कार्डाला जोडा. घरात डीडी फ्री डिशचा डबा किंवा जुना डीव्हीडी प्लेअर असेलच. त्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिना कार्डाला लावा. चित्र आणि आवाज स्वच्छ आला तर कार्ड, ड्रायव्हर (कार्ड विंडोजला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर), यूएसबी पोर्ट आणि सॉफ्टवेअर या चारही गोष्टी एका झटक्यात संशयातून सुटतात. आता फक्त व्हीसीआर, वायर आणि टेप यांच्याकडे बघायचं.

एक बारकावा. काही सेटटॉप बॉक्सना आणि बऱ्याच हँडीकॅमना हेडफोनसारखी एकच बारीक पिन असते आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना. या बारीक पिनेतली जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. दुसऱ्या यंत्राची वायर वापरली तर व्हिडिओ लाल पिनेतून येऊ शकतो. म्हणजे चित्र नाही आणि आवाजाच्या जागी घरघर. अशा वेळी कार्डाची पिवळी बाजू आळीपाळीने तिन्ही पिनांना जोडून बघा. वायर बदलायचीही गरज उरत नाही.

डब्याचंही चित्र येत नसेल तर मग संगणकाकडे वळायचं. विंडोज १० आणि ११ मध्ये कॅप्चर कार्ड हे कॅमेरा म्हणून आणि त्याचा आवाज मायक्रोफोन म्हणून धरला जातो. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप अॅपना कॅमेरा आणि मायक्रोफोन वापरायची परवानगी बंद असेल, तर सगळं बरोबर जोडूनही पडदा काळाच राहतो. दुसरं म्हणजे कार्ड एका वेळी एकाच सॉफ्टवेअरच्या ताब्यात जातं. मागे ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल तर व्हर्च्युअलडब या दुसऱ्या सॉफ्टवेअरला ते मिळणार नाही. तिसरी गोष्ट सिग्नल कुठून घ्यायचा याची निवड. सॉफ्टवेअरमध्ये एस-व्हिडिओ निवडलेलं आणि वायर पिवळ्या पिनेत, हा प्रकार फार वेळा दिसतो. तिथे कंपोझिट, म्हणजे पिवळी पिन, निवडा.

ड्रायव्हरचा गोंधळ मात्र खराच किचकट आहे. बाजारात ‘ईझीकॅप’ नावाने जे छोटं यूएसबी कार्ड मिळतं, ते बाहेरून सारखं दिसलं तरी आत वेगवेगळ्या चिप असतात. सोबतची सीडी दुसऱ्याच चिपची निघू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर त्या नावावर जाऊन तपशिलात हार्डवेअर आयडी बघा. तिथे व्हीआयडीपुढे (कंपनीचा क्रमांक) ०५ई१ असेल तर चिप सिंटेकची, १बी७१ असेल तर फुशिकायची, ईबी१ए असेल तर एम्पियाची. ड्रायव्हर कार्डाच्या खोक्यावरच्या नावाचा शोधू नका, या चिपचा शोधा. जुने ड्रायव्हर ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेले असतात, ते ६४ बिटवर चढत नाहीत. विंडोज ११ मधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षाही काही जुन्या ड्रायव्हरना अडवते. ती सुरक्षा कायमची बंद करणं मला पटत नाही. घरात माळ्यावर पडलेला विंडोज ७ चा संगणक असेल तर त्याला इंटरनेटपासून तोडा आणि फक्त या कामाला ठेवा.

आणखी एक उत्तम उपाय आहे. लिनक्सची पेनड्राइव्ह बनवून संगणक त्यावरून चालू करा. या तिन्ही चिपचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतात. तिथे व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र दिसलं तर कार्ड शाबूत आहे आणि भांडण फक्त विंडोजच्या ड्रायव्हरशी आहे. काही जुनी कार्डं निळ्या यूएसबी ३ पोर्टात रुसतात. शेजारच्या काळ्या पोर्टात लावून बघायला एक मिनिट लागतं.

काळंपांढरं, निळं आणि फडफडणारं

चित्र स्वच्छ आहे पण रंग नाही, तर पहिली शंका पद्धतीची. कार्ड अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर ठेवलेलं असतं आणि कॅसेट पालची असते. सेटिंगमध्ये पाल-बी निवडा. एनटीएससीत ५२५ ओळी असतात, त्यामुळे चुकीच्या निवडीत कधी रंग जातो, कधी चित्र सतत वर सरकत राहतं. उलटंही होतं: अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससीची असू शकते, आणि ती वाचायला त्या पद्धतीचा किंवा दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआरच लागतो. पद्धत बरोबर असूनही रंग नसेल तर वर सांगितलेली एस-व्हिडिओ आणि कंपोझिटची निवड पुन्हा तपासा. एस-व्हिडिओत प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांतून जातात. पिवळी पिन जुगाड करून तिथे अडकवली तर रंग हरवतो.

पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असतील तर व्हीसीआरचं हेड मळलेलं असण्याची शक्यता मोठी. आधी व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटण (हेड टेपच्या रेघेवर नीट बसवणारं) वापरा. फरक पडला नाही तर हेड साफ करा, पण जपून. व्हिडिओ हेडचं टोक अतिशय ठिसूळ असतं. कानात घालायचा कापूस वापरू नका, त्याचे तंतू अडकून टोक तुटतं. मऊ शॅमॉय चामड्याचा तुकडा किंवा साधा जाड कोरा कागद ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा, तो ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम वरच्या बाजूने हाताने हळू फिरवा. हात कधीही वरखाली चालवायचा नाही. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला.

आता सगळ्यात चिवट दुखणं. टेप टीव्हीवर दिसते, कार्डात मात्र चित्राचा वरचा भाग ध्वजासारखा एका बाजूला वाकतो, अधूनमधून चित्र उडी मारतं, आणि दोन चित्रीकरणांच्या मधल्या कोऱ्या जागी सगळं निळं होऊन कार्ड थांबतं. हा सगळा हुकलेल्या ठोक्यांचा खेळ आहे. जी ओळ लवकर किंवा उशिरा आली ती डावी-उजवीकडे सरकलेली दिसते. कोऱ्या टेपवर ठोकेच नसतात, म्हणून व्हीसीआर निळा पडदा दाखवतो आणि कार्ड गोंधळतं. व्हीसीआरच्या मेन्यूत हा निळा पडदा बंद करायची सोय असेल तर ती वापरा. चित्राच्या अगदी तळाला जी काही ओळींची फाटलेली पट्टी दिसते, तिची मात्र चिंता नको. ड्रमवरच्या एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना ती पडते आणि प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते. टीव्हीच्या चौकटीमागे ती पूर्वी लपून जायची.

ठोके दुरुस्त करणारं यंत्र असतं, त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. ते प्रत्येक ओळ क्षणभर साठवतं आणि नेमक्या वेळेला पुढे पाठवतं. स्टुडिओतलं यंत्र महाग असतं, पण घरगुती वाट आहे. जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा. नुसता प्लेअर चालणार नाही, ज्याच्या मागे व्हिडिओ आत घ्यायची पिन आहे असा रेकॉर्डर हवा. व्हीसीआरची वायर त्याच्यात आणि त्याच्यातून बाहेर पडणारी वायर कार्डात. रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल फक्त आरपार जाऊ द्यायचा. असे बरेच रेकॉर्डर सिग्नल आत घेऊन, अंकांत बदलून नव्या ठोक्यांसह बाहेर सोडतात. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ हे रेकॉर्डर जगभरचे हौशी लोक केवळ यासाठी वापरतात. काही डिजिटल-८ आणि मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांतही अशी आरपार सोय आहे. नवं कार्ड घ्यायला काढलेले पैसे इथे घालवलेत तर कितीतरी जास्त सत्कारणी लागतील, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

उजेड दर काही सेकंदांनी वाढतो आणि कमी होतो, किंवा सॉफ्टवेअर ‘कॉपी संरक्षण’ म्हणून काम थांबवतं, हीही तक्रार येते. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या कॅसेटींत मॅक्रोव्हिजन नावाचे खोटे ठोके मुद्दाम घातलेले असत, म्हणून त्यांची नक्कल नीट होत नसे. घरच्या चित्रीकरणात ते नसतात, पण डळमळीत ठोक्यांना काही कार्डं मॅक्रोव्हिजन समजतात. तिथेही डीव्हीडी रेकॉर्डरचाच उपाय लागू पडतो.

आवाज मागे का पडतो

सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, अर्ध्या तासाने जुळत नाहीत. याची दोन कारणं असतात. एक, वाटेत चित्रं गळतात आणि आवाज गळत नाही. दोन, चित्र एका घड्याळाने मोजलं जातं आणि आवाज दुसऱ्याच घड्याळाने. आवाज वेगळ्या वायरने संगणकाच्या लाइन-इनमध्ये दिला असेल तर दुसरं कारण हमखास असतं. कार्डालाच आवाजाची पिन असेल तर तीच वापरा.

चित्रं गळतात कारण ओझं मोठं आहे. ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला २५ वेळा: म्हणजे सेकंदाला २० एमबीहून जास्त आणि तासाला सुमारे ७५ जीबी. यूएसबी हबवर कार्ड, माउस आणि बाहेरची हार्डडिस्क एकत्र लावली तर वाट तुंबते. कार्ड थेट संगणकाला लावा, फाइल आतल्या डिस्कवर घ्या, अँटिव्हायरसची तपासणी तेवढा वेळ थांबवा, आणि लॅपटॉपची झोपायची सवय बंद करा. व्हर्च्युअलडबमध्ये गळलेल्या चित्रांची संख्या समोर दिसत राहते. ती वाढताना दिसली की तिथेच थांबा. नंतर आवाज ओढूनताणून जुळवण्यात दिवस जातात.

विंडोजची आवाज ‘सुधारण्याची’ सोयही बंद करा. ही सोय सलग चालणारा आवाज गोंगाट समजून दाबते. गाण्याच्या बैठकीची कॅसेट असेल तर ती तानपुऱ्याचा नाद खाऊन टाकते, आणि हे नुकसान नंतर भरून निघत नाही.

आवाजात सतत गुणगुण आणि चित्रात हळू सरकणारा आडवा काळसर पट्टा असेल तर ती अर्थिंगची भानगड. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पट्टा गेला तर कारण सापडलं. व्हीसीआर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि व्हीसीआरला केबल टीव्हीची वायर जोडलेली असेल तर ती सोडवा. चार्जरची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसण्याचा धोका आहे.

पुराचं पाणी लागलेल्या कॅसेटी

कृष्णाकाठच्या घरांसाठी हे वेगळं लिहायला हवं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कित्येक घरांतली कपाटं पाण्याखाली गेली, आणि त्यातल्या कॅसेटी वाळवून पुन्हा तशाच ठेवल्या गेल्या. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नका. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बॅटरीच्या उजेडात बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती चालवली तर हेड तर मळतंच, शिवाय बुरशी यंत्राला लागते आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटीपर्यंत पोचते. गाळ असेल तर त्याचा प्रत्येक कण टेपवर ओरखडा काढतो.

कॅसेटीचं आवरण पाच स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते खोलून दोन्ही रिळं एखाद्या निरुपयोगी पण स्वच्छ कॅसेटीच्या आवरणात बसवता येतात. आवरण तुटलेलं किंवा चिखलाने भरलेलं असेल तर हे काम घरीही जमतं. आत टेपची वाट कशी जाते त्याचा फोटो आधी काढून ठेवा. बुरशी पुसण्याचं काम मात्र हौसेने करू नये, ते जाणकाराकडेच द्या. ओली कॅसेट उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, उष्णतेने टेप आकसते आणि मग ठोके कायमचे बिघडतात. पावसाळ्यात तर कोरडी दिसणारी कॅसेटही दोन दिवस पंख्याखालच्या खोलीत ठेवून मगच चालवा, कारण दमट टेप फिरत्या ड्रमला चिकटते.

घ्यायच्या दिवशी

कॅसेटच्या मागच्या कडेला असलेली छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर ती आधी मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. एकदा टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली गुंडाळी मोकळी होते. ट्रॅकिंग सुरुवातीच्या मिनिटांत जमवा आणि मगच रेकॉर्ड सुरू करा.

सेटिंग ७२० बाय ५७६, सेकंदाला २५. हफीयूव्हीसारख्या, काहीही न गाळणाऱ्या पद्धतीत घेतलं तर तासाला ७५ ऐवजी ३० जीबीच्या आसपास लागतं. पेनड्राइव्ह किंवा डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीला फाइल तुटते, म्हणून एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवा. हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतील. तो दोष नाही. व्हीएचएसमध्ये प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, आधी एक सोडून एक अशा ओळी आणि मग उरलेल्या. मूळ फाइलमध्ये त्या रेघा तशाच राहू द्या. नातेवाइकांना पाठवायची प्रत बनवताना डीइंटरलेस करा (म्हणजे त्या रेघा काढा), ४:३ आकार ठेवा आणि एच.२६४ या फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत बसवा. मग तासाची फाइल दोन-तीन जीबीत मावते. चेहरे रुंद दिसायला लागले तर कुणीतरी चित्र १६:९ मध्ये ताणलं आहे असं समजा.

हँडीकॅमची कॅसेट मिनी-डीव्ही असेल तर यातलं काहीच करू नका. ती मुळातच डिजिटल आहे. फायरवायरच्या वायरने तिची जशीच्या तशी नक्कल उतरते, आणि पिवळ्या पिनेतून घेणं म्हणजे हातातला दर्जा घालवणं आहे.

फाइल तयार झाली की सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. त्याची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात आणि शक्यतो वरच्या मजल्यावर. कॅसेट फेकू नका. पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवा.